बाबा विचारतात, "लाकडं कुठून आणणार?" (फोंड्याकडच्या जाणकारांनी लिहावं)

सुरंगी | २० मे, रात्री ११:१०

हा धागा कुठल्या विभागात काढावा तेच कळेना. 'आरोग्य'मध्ये काढावा तर तो विषय आमच्याकडे संपला आहे. 'धार्मिक'मध्ये काढला तर पाच पानं भांडण होईल. म्हणून 'इतर'.

बाबा ८२ वर्षांचे. फुफ्फुसाचा कर्करोग. सहा महिने बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फेऱ्या झाल्या, आता डॉक्टरांनीच सांगितलं, घरी ठेवा, दुखू नये एवढं बघू. घर फोंडा तालुक्यात, रस्त्यापासून आत, कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत). परवा मी पेज भरवत होते तर मधेच म्हणाले, "लाकडं कुठून आणणार, ठरवलंस?" मी चमचा हातात धरून बसून राहिले. बाबांनी जन्मभर हिशेबनीसाची नोकरी केली. त्यांना काळजी मरणाची नाही, जून-जुलैत गेलो तर ओल्या लाकडांचा धूर होऊन आलेली माणसं खोकत बसतील याची आहे.

आई विषय काढू देत नाही. तिन्हीसांजेला काढला तर "दिवेलागणीला अभद्र बोलू नका". सकाळी काढला तर सकाळी नको.

भाऊ अबू धाबीला. मी लग्न होऊन माशेलला, सध्या इथेच राहते. विचारायचंय ते असं: घरी गेले तर दाखला कोण देतो? भाऊ पोचेपर्यंत काय करायचं? तो नाहीच पोचला तर अग्नी मी दिलेला चालतो का? आणि हो, लाकडं.

पाणंद | २० मे, रात्री ११:४२

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. वाचतोय.

माटोळी | २१ मे, सकाळी ६:१५

सुरंगीबाय, लाकडांचं मी सांगतो. आमच्या वाड्यावर गेली तीस वर्षं ते काम माझ्याकडे आहे, कोणी दिलं नाही, आपोआप आलं.

एका माणसाला तीनशे-चारशे किलो लागतात. आंबा, काजू, जे मिळेल ते, पण चिरलेलं आणि निदान एक उन्हाळा खाल्लेलं. आत्ता मे आहे, आत्ताच आणा. सात जूननंतर वखारवाला 'सुकं' म्हणून जे देईल ते हातात घेऊन बघा, वजनावरून कळतं. घरात आणायला आई नको म्हणेल, ते बरोबरच आहे. स्मशानाच्या शेडमध्ये किंवा भावकीतल्या कोणाच्या खोपीत ठेवा, खाली दोन वासे आडवे घालून, जमिनीला टेकू देऊ नका. ताडपत्री वरून टाका, चारी बाजूंनी गुंडाळू नका. गुंडाळलीत की आत घाम धरतो आणि बुरशी येते.

खरी गंमत लाकडात नाही, सोडणांत आहे. नारळाची सुकी सोडणं, म्हणजे वरची सालं, दोन पोती आणि चुडतं (झावळ्या). पावसात चिता धरते ती त्यांच्यावर, रचताना पोकळी ठेवा. वर राळ आणि कापूर. डिझेल ओतणारे शहाणे प्रत्येक गावात असतात, त्यांना लांब उभं करा. भपकन पेटतं आणि तसंच विझतं, मग सगळे माझ्याकडे बघतात.

अजून एक. स्मशान कोणाच्या जमिनीत आहे ते बघून ठेवा. आपल्याकडे पुष्कळ गावांत जागा भाटकाराची (जमीनमालकाची), शेड पंचायतीची, वाट तिसऱ्याची. कुलूप असेल तर चावी कोणाकडे, तो माणूस रात्री फोन उचलतो का, हेही.

गल्लीतला_डॉक्टर | २१ मे, दुपारी २:०५

दाखल्याचं. घरी मृत्यू झाला की जो डॉक्टर आजारपणात बघत होता त्याने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, नमुना ४अ. दवाखान्यातल्या मृत्यूला नमुना ४. अडचण कुठे येते? माणूस सहा महिने बांबोळीला जातो, गावातला डॉक्टर त्याला वर्षभरात बघतच नाही, आणि पहाटे तीनला त्याला उठवून म्हणतात, सही करा. तो का करील? मी नाही करत. तेव्हा आत्ताच जवळच्या डॉक्टरला घरी बोलवा, फाईल दाखवा, महिन्यातून दोनदा येऊ दे. मग तो 'आपला पेशंट' होतो.

पडून, भाजून, संशयास्पद काही असेल तर मात्र पोलीस, पंचनामा, शवचिकित्सा. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. पण शेवटच्या दिवसांत पलंगावरून पडू देऊ नका, कठडा लावा. साधी गोष्ट आहे, पण पडून डोक्याला मार लागला तर डॉक्टर सहीला बिचकतो.

बाबांना पेसमेकर आहे का? असेल तर दहनाआधी काढावा लागतो. आत बॅटरी असते, आगीत फुटते. त्वचेच्या लगेच खाली असतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण कोण करणार ते आधी ठरलेलं असावं.

आणि डोळे. सहा तासांच्या आत. मोतीबिंदू झालेला असला तरी चालतं, चष्मा तर चालतोच. बहुतेक कर्करोगांतही चालतं, रक्ताच्या कर्करोगात नाही. गेल्यावर पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, वरचा पंखा बंद. बुबुळ वाळू द्यायचं नाही.

सुरंगी | २१ मे, रात्री ९:३०

पेसमेकर!! २०१६ साली बसवलाय. आम्ही साफ विसरलो होतो. कार्ड कपाटात एलआयसीच्या पाकिटात सापडलं. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू.

माटोळीकाका, बाबांना तुमचं सोडणांचं वाचून दाखवलं. म्हणाले, "ह्या माणसाला कळतं." आई आतून ऐकत होती, काही बोलली नाही. भांडी जरा जोरात ठेवली.

मांडवी_पलीकडे | २२ मे, सकाळी १०:२०

भावाच्या बाजूने लिहितो, कारण मी तोच भाऊ होतो. मी मस्कतला, बाबा गेले ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधी. पोचायला सोळा तास लागले.

दोन वाटा असतात. इस्पितळाचं शवागार किंवा घरी भाड्याची शीतपेटी. शवागारात नेलं की कागदपत्रं, रुग्णवाहिका, परत आणणं आलं, पण वीज ही त्यांची डोकेदुखी. घरी पेटी आणली की माणसं येऊन दर्शन घेतात, आईला जवळ बसता येतं. आमच्याकडे पेटी आणली. संध्याकाळी फणसाची फांदी तारांवर पडली आणि वाड्याची वीज गेली. इन्व्हर्टरवर ती पेटी चालत नाही. मग चुलतभावाने स्कूटरवरून जेटीवर जाऊन मासळीच्या बर्फाच्या लाद्या आणल्या. पोत्याला सुंगटांचा वास. आत्या म्हणाली, हा बर्फ सोवळ्यातला नाही, लावायचा नाही. धाकटा भाऊ म्हणाला, बाबांना चालला असता. त्या रात्री घरात एकदाच हसू आलं ते तेव्हा.

सांगायचा मुद्दा, जनरेटर कोणाकडे आहे ते विचारून ठेवा. मंडपवाल्याकडे असतो.

भावाला म्हणावं, पासपोर्ट आणि सुट्टीचं साहेबाशी आत्ताच बोलून ठेव. आणि त्याने स्वतःहून सांगावं की किती तास थांबायचं. ते दुसऱ्या कोणी ठरवलं की जन्मभर ऐकवतात. मी सांगितलं होतं, उद्या दुपारी दोनपर्यंत, त्यानंतर माझी वाट बघू नका.

उपरणे | २२ मे, संध्याकाळी ५:४५

भिक्षुकी करतो म्हणून लिहितो. अग्नी मुलीने दिलेला चालतो. शास्त्रात अधिकाऱ्यांची उतरंड सांगितली आहे, मुलगी तीत खाली आहे, पण आहे. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं सुतक एरवी तीन दिवस. तुम्ही अग्नी दिलात तर दहा दिवस पाळावे लागतील, तेव्हा सासरी आधी बोलून ठेवा. भावाने उशिरा येऊन पुढचे विधी केले तरी चालतं.

तिसऱ्या दिवशी अस्थिसंचय. मडकं घरात आणायचं नाही, अंगणातल्या झाडाला बांधून ठेवतात. दहाव्याला आपल्याकडची पुष्कळ माणसं हरवळ्याला रुद्रेश्वराकडे जातात, साखळीजवळ. काही जण गोकर्णाला जातात. पावसाळ्यात हरवळ्याचा धबधबा जोरात असतो, पायऱ्या निसरड्या होतात, म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवू नका.

सामान भटजी आणतात की तुम्ही, एवढं एक आधी विचारा. अर्धी भांडणं तिथे होतात. पंचकाचं त्या वेळी पंचांग बघून सांगता येतं, आत्ता डोक्यात घेऊ नका.

खवचट_खाजें | २२ मे, संध्याकाळी ६:०२

तीनशे किलो लाकूड, दहा दिवस, तेरा दिवस, दक्षिणा. त्यापेक्षा देहदान करा की. गोमेकॉच्या शरीररचना विभागाला द्या, मुलं शिकतील. माझा फॉर्म भरून झालाय.

उपरणे | २२ मे, संध्याकाळी ६:१०

तुमचा फॉर्म भरून झाला, आनंद आहे. प्रश्न ताईंच्या वडिलांचा आहे आणि ते लाकडांबद्दल विचारतायत.

गल्लीतला_डॉक्टर | २२ मे, संध्याकाळी ७:३०

खाजें, फॉर्म भरून पुरत नाही. त्या वेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, आणि शवचिकित्सा झाली असेल तर देह घेत नाहीत. बायकोला सांगून ठेवलंयत ना?

खवचट_खाजें | २२ मे, संध्याकाळी ७:३३

...आज सांगतो.

अशिलाविना | २३ मे, दुपारी १२:५०

वकील आहे. थोडं रुक्ष लिहिते, चालवून घ्या.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत, आणि जिथे मृत्यू झाला तिथे. घरी गेले तर तुमच्या पंचायतीत. बांबोळीला गेले तर तिकडच्या हद्दीत, तुमच्या गावात नाही. ह्या एका गोष्टीसाठी माणसं दोन-दोन खेपा घालतात. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क, ३० नंतर वरची परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. प्रती निदान दहा घ्या.

आता गोव्याची खासियत. बाबा ८२ वर्षांचे म्हणजे जन्म पोर्तुगीज अमदानीतला. जन्मनोंद काढून बघा, नाव कसं लिहिलंय. प्रभूंचं 'पोरोबो', शेणईंचं 'सिनाय'. आधारवर वेगळं, बँकेत वेगळं, जमिनीच्या कागदावर तिसरंच. मृत्यूच्या दाखल्यावर कुठलं नाव जाणार ते आत्ता ठरवा, आणि ती सगळी नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र बाबा स्वतः सही करू शकतात तोवर करून घ्या. नंतर ते सिद्ध करायला तुमची चप्पल झिजेल.

दुसरं, तुमच्या आईबद्दल. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. बाबा गेल्यावर अर्धी मालमत्ता आईचीच, ती वारसाने येत नाही, तिची असतेच. उरलेल्या अर्ध्याला मुलं वारस, मुलगा-मुलगी सारखी. मृत्युपत्राने बाबा आपल्या अर्ध्यातला अर्धाच भाग मनाप्रमाणे देऊ शकतात. हे सगळं आता २०१२ च्या वारसा कायद्यात आहे, तो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. नंतर विशेष नोटरीकडे वारसांचा दस्त करायचा. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे भावाला आणि वहिनीला आत्ताच शांतपणे सांगा. बाराव्याच्या जेवणावर सांगू नका.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर गेल्यावर कळवून बंद करा. तसेच येत राहिले तर परत भरावे लागतात.

सुरंगी | २५ मे, रात्री १०:१५

जन्मनोंद काढली. बाबांचं नाव वाचून त्यांनाच हसू आलं. म्हणाले, "हा कोण? ह्याचं कर्ज असेल तर मी देणार नाही."

प्रतिज्ञापत्रावर सही झाली. नोटरी घरी आले होते. आईने त्यांना चहा दिला, पण विचारलं नाही कशासाठी आले.

डॉक्टर, बाबा म्हणतात शेवटी नळ्या नकोत, बांबोळीला परत न्यायचं नाही. हे तोंडी सांगून पुरतं का?

गल्लीतला_डॉक्टर | २६ मे, सकाळी ८:००

लिहून ठेवा. अशा इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनकांनी स्वतःचं असं पत्र करून सुरुवात केली, तेव्हा कोणी नाक मुरडलं तर त्यांचं नाव सांगा. एक प्रत माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरकडे, एक भावाकडे. रात्री घाबरून १०८ ला फोन करणारा माणूस बहुधा लांबून आलेला पाहुणा असतो. त्यालाही दाखवा.

जुनें_घर | २६ मे, दुपारी ३:३०

मी तीन म्हातारी माणसं पोचवली आहेत, त्यावरून. दोन दिवस घरात चूल पेटत नाही. कोण पेज आणणार, कोण चहाचं बघणार, हे शेजारणींना आधी सांगायला नको, त्या येतातच. पण कोणी तरी एकीने आईजवळ नुसतं बसायचं, हे मात्र ठरवा. सगळ्याजणी स्वयंपाकघरात जातात आणि विधवा झालेली बाई खोलीत एकटी असते. माझ्या सासूबाईंजवळ त्या दिवशी शेजारची कॅथलिक म्हातारी येऊन बसली. मेणबत्ती घेऊन आली होती, मग ती लावावी की नाही ते कळेना म्हणून पदराखाली धरून बसली. तासभर एक शब्द बोलली नाही. सासूबाई अजून तिचंच नाव काढतात.

पेपरातल्या 'दुःखद निधन'साठी फोटो आणि नातवंडांची नावं काढून ठेवा. आमच्याकडे एका जावयाचं नाव राहिलं. सात वर्षं झाली.

सुरंगी | २९ जुलै, दुपारी ४:००

बाबा ९ जुलैला पहाटे गेले. घरीच. आई आणि मी दोघी होतो. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून पुढे काय झालं ते लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

गावातले डॉक्टर चाळीस मिनिटांत आले. जूनपासून तीनदा येऊन गेले होते, त्यामुळे दाखल्याला काही अडचण नाही. पेसमेकर त्यांनीच काढला, एका स्टीलच्या वाटीत ठेवला. काडेपेटीएवढा, चकचकीत, अजून चालू. आईने तो धुतला, पुसला आणि चष्म्याच्या डबीशेजारी खणात ठेवला. डोळ्यांचं झालं नाही. आई नको म्हणाली, मी जोर केला नाही.

शीतपेटी आली आणि तिची पिन आमच्या एकाही प्लगमध्ये बसेना. मोठा प्लग फक्त न्हाणीघरात, गीझरचा. मग गीझर काढून तिथून वायर ओढून आणली. म्हणजे जनरेटर तयार, मंडपवाला तयार, आणि अडलं कशावर तर प्लगवर. बघून ठेवा.

भाऊ त्याच दुपारी मोपाच्या विमानतळावर उतरला. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी पाचच्या पुढे थांबू नका. साडेचारला अंगणात पोचला.

चावी. माटोळीकाका, तुम्ही लिहिलं होतंत तरी चुकलो. चावी कोणाकडे ते विचारलं होतं, पण तो माणूस त्याच दिवशी लग्नाच्या बोलणीला काणकोणला गेला होता. शेवटी कडी कापली. नवीन कुलूप आम्ही घेऊन दिलं, एक चावी आता देवळात असते.

पाऊस धो धो. पण लाकडं सुकी होती, सोडणं सुकी होती. धूर झाला नाही. कोणी खोकलं नाही. मी स्मशानात गेले होते. आमच्या वाड्यावरून बायका वेशीपर्यंतच जातात, कोणी काही म्हणालं नाही, एकाने छत्री धरली. अग्नी भावाने दिला. मी सोडणं रचली होती, काकांनी लिहिलं होतं तशी, पोकळी ठेवून.

दहाव्याला हरवळे. आई वरच थांबली. पावसात कावळे कुठे जातात देव जाणे, तासभर छत्र्या धरून उभे होतो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. भाऊ म्हणाला, बाबांना वेळ वाया गेलेला आवडला नसता.

पंचायतीत नोंद बाराव्या दिवशी झाली. प्रतिज्ञापत्रामुळे नावाचा प्रश्न आला नाही. बँकेचं चालू आहे.

माटोळी | २९ जुलै, संध्याकाळी ६:२०

सोडणांची पोकळी ठेवलीत, शाबास बाय. बाबांना शांती लाभो.

खवचट_खाजें | २९ जुलै, रात्री ८:४५

ताई, मनापासून वाईट वाटलं. (बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी माळा आवर.)

पाणंद | ३० जुलै, सकाळी ९:१०

लाकडं किती लागली शेवटी? आमच्याकडेही काका बरे नाहीत. वखारीत विचारलं तर सगळी ओली.

सुरंगी | ३० जुलै, सकाळी ११:३५

चारशे किलो आणली होती, शंभरेक उरली. शेडमध्ये ताडपत्रीखाली आहेत. काल आईच म्हणाली, ती तशीच ठेवू नका, कोणाला लागतील त्यांना द्या, पैसे घेऊ नका. सोडणांचंही एक पोतं शिल्लक आहे. तुम्ही कुठे राहता ते खाजगी निरोपात कळवा, भाऊ रविवारपर्यंत इथे आहे, टेंपो घेऊन येईल.